शेअर्ड होस्टिंगवर मीडियाविकी बसत नाही? पुसून टाकण्याआधी हे तपासा

कुणाला गडकिल्ल्यांच्या नोंदी ठेवायच्या असतात, कुणाला गावाचा इतिहास, कुणाला बोलीतले शब्द. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी फुकट मिळतं, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणारी भाड्याची जागा) आधीच घेतलेलं असतं, म्हणून सुटीच्या दिवशी बसून विकी उभा करायचं ठरतं. आणि दुपारपर्यंत समोर असतं कोरं पांढरं पान, नाहीतर ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’. मग बहुतेक जण एकच करतात: सगळ्या फाइली पुसायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

तेवढं करू नका. फाइली पुसल्या तरी डेटाबेसमध्ये अर्धवट तयार झालेली टेबलं तशीच राहतात आणि पुढच्या खेपेला तीच आडवी येतात. शिवाय बिघाड नेमका कुठे होता ते सांगणारा लॉगही फाइलींबरोबर जातो. दुसऱ्या खेपेला तीच चूक नव्या उत्साहाने होते, एवढाच फरक.

इथे फाइलींची, सेटिंगांची आणि संदेशांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये, आणि लहान-मोठी अक्षरं जशी असतील तशीच. होस्टिंगचा सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो आणि त्याच्या लेखी मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव वेगळं, लहान अक्षराचं वेगळं.

आधी बोलतंय कोण ते ओळखा

पडद्यावरचा संदेश कुणाकडून आलाय हे कळलं की अर्धं काम झालं. नुसतं ‘५००’, ‘४०३’ किंवा ‘५०८’ असं आकड्यांचं पान असेल तर वेब सर्व्हर बोलतोय. बऱ्याचदा मीडियाविकीपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. ‘फेटल एरर’ लिहून पुढे फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तर पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) बोलतंय. चौकटी कंसात अक्षरं-आकड्यांची जुडी, मग तारीख-वेळ आणि ‘फेटल एक्सेप्शन ऑफ टाइप’ असं असेल, तर खुद्द मीडियाविकी बोलतंय, म्हणजे गाडी बरीच पुढे आली आहे. आणि काहीच दिसत नसेल, पान कोरं असेल, तर पीएचपी मेलंय आणि त्याला तोंड उघडायची परवानगी नाही.

कोऱ्या पानासाठी सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग खातं सांभाळायच्या पॅनेलमध्ये, ‘मेट्रिक्स’खाली ‘एरर्स’ उघडा. जिथे विकीच्या फाइली आहेत त्या फोल्डरमध्ये ‘एरर_लॉग’ नावाची फाइल तयार झाली आहे का तेही बघा. तिच्या शेवटच्या पाच-सहा ओळी वाचा, वरून वाचत बसू नका. इंग्रजी संदेश लांबलचक असला तरी कामाची गोष्ट बहुधा एकाच वाक्यात असते. तो संदेश जसाच्या तसा कुठेतरी चिकटवून ठेवा, पुढे लागेल.

एक पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पान पुन्हा उघडून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि विकी सुरू झाला, तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा बंद पडला की पाटी कोरीच असते.

फाइली पूर्ण पोचल्या आहेत का

मीडियाविकीत हजारो छोट्या फाइली असतात. त्या घरच्या इंटरनेटवरून एफटीपीने (फाइली सर्व्हरवर पाठवायच्या एका पद्धतीने) एकेक चढवायच्या म्हणजे मधे दहा-वीस गळणारच, आणि एफटीपीचा प्रोग्राम ते नीट सांगेलच असं नाही. त्यापेक्षा अख्खी दाबलेली फाइल सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून चढवा आणि तिथेच ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा. वेळही वाचतो.

दाबलेली फाइल कुठून घेतली हेही महत्त्वाचं. मीडियाविकीच्या अधिकृत संकेतस्थळावरचं गाठोडं घ्या. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या झिपमध्ये ‘व्हेंडर’ फोल्डरमधल्या लायब्रऱ्या नसतात आणि स्किन्सही (विकीचं रूप ठरवणाऱ्या फाइली) नसतात. मग ‘एक्स्टर्नल डिपेंडन्सीज’ बसवा, कंपोझर (त्या लायब्रऱ्या आणून देणारा प्रोग्राम) चालवा, असा संदेश येतो. शेअर्ड होस्टिंगवर नवख्या माणसाने कंपोझरच्या वाटेला जाण्यात काही अर्थ नाही; योग्य गाठोडं आणा आणि विषय संपवा.

एक्स्ट्रॅक्ट केल्यावर आवृत्तीचा आकडा असलेलं फोल्डर तयार होतं. कधीकधी फोल्डरच्या पोटात फोल्डर होतं आणि पत्ता चुकतो. ‘४०४’ येत असेल तर आधी हेच बघा. फोल्डरला नवीन नाव देताना ‘विकी’ हा शब्द मोह पाडतो, पण पुढे कधी विकीच्या पानांचे वेब-पत्ते छोटे करायचे झाले तर त्यांत हाच शब्द लागतो आणि खरं फोल्डर त्याच नावाचं असलं की घोळ होतो. म्हणून फोल्डरला नुसतं रोमनमधलं ‘डब्ल्यू’ हे एक अक्षर द्यायची पद्धत आहे.

फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची हे ठरवणाऱ्या परवानग्यांचं गणित सोपं: फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. काही चाललं नाही की ‘७७७ करून बघ’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. सुरक्षेचा प्रश्न आहेच, पण अनेक शेअर्ड सर्व्हर ७७७ असलेली पीएचपी फाइल चालवायलाच नकार देतात आणि ‘५००’चं पान दाखवतात. म्हणजे औषधानेच आजार.

फोल्डरमध्ये किंवा त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एचटीॲक्सेस’ ही वेब सर्व्हरला सूचना देणारी फाइल असेल तर तीही उघडून बघा. जुन्या लेखांतून उचललेली ‘पीएचपी_व्हॅल्यू’ने सुरू होणारी ओळ आजच्या बहुतेक होस्टिंगवर चालत नाही, तिच्यामुळेही ‘५००’ येतो. आधी त्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह घालून ती बाजूला ठेवा आणि पान पुन्हा उघडा.

पीएचपी कोणतं आणि त्यात काय काय आहे

दीर्घकाळ आधार मिळणारी मीडियाविकी १.४३ ही आवृत्ती डिसेंबर २०२४मध्ये आली. तिला पीएचपी ८.१ किंवा पुढचं लागतं. आधीच्या १.३९ला ७.४ चालत होतं. जुन्या होस्टिंग खात्यावर अजून ७.४च निवडलेलं असेल तर इन्स्टॉलर (ब्राउझरमध्ये प्रश्न विचारत विकी बसवणारा मीडियाविकीचाच भाग) सुरू होण्याआधीच मीडियाविकी स्पष्ट सांगतं, की एवढी आवृत्ती लागते आणि तुमच्याकडे एवढी आहे. हा सगळ्यात सोपा बिघाड.

सीपॅनेलमध्ये ‘सिलेक्ट पीएचपी व्हर्जन’ किंवा ‘मल्टीपीएचपी मॅनेजर’ शोधा. दुसऱ्यात आवृत्ती प्रत्येक डोमेनसाठी वेगळी ठरते. मुख्य डोमेनची आवृत्ती बदलली आणि विकी सबडोमेनवर असेल तर त्याला काहीच फरक पडत नाही, आणि ‘बदललं तरी होत नाही’ म्हणून माणूस वैतागतो. १.४३साठी ८.२ घ्या. यादीतली सर्वात नवी आवृत्ती पहिल्याच फेरीत निवडली तर पानभर इशाऱ्यांच्या ओळी येऊ शकतात आणि त्यांत खरा बिघाड हरवतो.

‘सिलेक्ट पीएचपी व्हर्जन’मध्ये एक्स्टेन्शन्सची, म्हणजे पीएचपीच्या जोड-भागांची, यादी असते. ‘इंटल’, ‘एमबीस्ट्रिंग’, ‘फाइलइन्फो’, ‘एक्सएमएल’ किंवा ‘डॉम’, आणि डेटाबेससाठी ‘मायएसक्यूएलआय’ एवढ्यांवर खूण आहे का बघा. त्यातलं ‘इंटल’ आणि ‘फाइलइन्फो’ अनेक ठिकाणी बंद असतं. मेमरी लिमिट शक्य तर २५६ एमबी ठेवा. ‘अलाउड मेमरी साइज एक्झॉस्टेड’ असं लॉगमध्ये दिसलं तर कारण हेच. ‘५०८ रिसोर्स लिमिट’ मात्र वेगळं: तुमच्या खात्याच्या वाट्याचा प्रोसेसर किंवा मेमरी तेवढ्यापुरती संपली. सामाईक नळाचं पाणी आहे ते, पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करा.

डेटाबेस: सगळ्यात जास्त घोळ इथे

घरच्या संगणकावर विकी बसवून पाहिलेल्यांना शेअर्ड होस्टिंगवर हमखास ठेच लागते ती इथे. घरी इन्स्टॉलर स्वतःच डेटाबेस बनवतो. होस्टिंगवर तुमच्या डेटाबेस यूजरला नवा डेटाबेस बनवायचा अधिकार नसतो. तो आधी सीपॅनेलमध्ये जाऊन तुम्हीच बनवायचा.

‘मायएसक्यूएल डेटाबेसेस’ उघडा आणि तीन कामं त्याच क्रमाने करा.

१. डेटाबेस बनवा. समजा तुमच्या होस्टिंग खात्याचं नाव ‘गडवाट’ आहे आणि तुम्ही डेटाबेसला ‘विकी’ नाव दिलं. खरं नाव होतं ‘गडवाट_विकी’. हे पुढे चिकटलेलं खात्याचं नाव सोडून नुसतं ‘विकी’ लिहिणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

२. डेटाबेस यूजर बनवा. त्यालाही तसाच उपसर्ग लागतो. पासवर्ड मोठा घ्या आणि लगेच कुठेतरी उतरवून ठेवा, सीपॅनेल तो पुन्हा दाखवत नाही.

३. यूजरला डेटाबेसशी जोडा आणि ‘ऑल प्रिव्हिलेजेस’वर खूण करा. ही पायरी पानाच्या तळाशी, वेगळ्या चौकटीत असते. डेटाबेस आहे, यूजर आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी दार उघडत नाही, असं असेल तर दोघांची गाठ घालून द्यायची राहिली आहे.

आता इन्स्टॉलरच्या डेटाबेसच्या पानावर काही बिनसलं तर संदेशातला आकडा शोधा. १०४५ म्हणजे यूजरचं नाव किंवा पासवर्ड चुकला. चिकटवताना शेवटी आलेली मोकळी जागासुद्धा पुरते. १०४४ म्हणजे यूजर ओळखीचा, पण त्या डेटाबेसमध्ये त्याला प्रवेश नाही: एकतर तिसरी पायरी राहिली, नाहीतर डेटाबेसचं नाव उपसर्गाशिवाय लिहिलं आणि इन्स्टॉलर त्या नावाचा नवा डेटाबेस बनवायला गेला. १०४९ म्हणजे तसा डेटाबेसच नाही. २००२ असेल तर पत्ता चुकला. होस्टच्या चौकटीत बहुधा ‘लोकलहोस्ट’ चालतं, पण काही कंपन्या डेटाबेस वेगळ्या यंत्रावर ठेवतात. तो पत्ता त्यांच्या पॅनेलमध्ये किंवा खातं उघडल्यावर आलेल्या ईमेलमध्ये मिळतो. अंदाज करत बसू नका.

पुढच्या पानावर ‘इन्स्टॉलेशनचंच खातं वापरा’ अशा अर्थाची खूण असते. ती तशीच राहू द्या. ती काढली की इन्स्टॉलरला आणखी एका यूजरची सोय करावी लागते, आणि तो अधिकार तुमच्या यूजरला नाही.

अर्धवट टेबलांचं काय? इन्स्टॉलेशन मधे तुटलं असेल तर सीपॅनेलमधल्या पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस आतून दाखवणारा प्रोग्राम) तो डेटाबेस उघडा. तो फक्त या विकीसाठी असेल तर सगळी टेबलं निवडून ‘ड्रॉप’ करा आणि इन्स्टॉलर पहिल्यापासून चालवा. पण त्याच डेटाबेसमध्ये तुमचं वर्डप्रेसही असेल तर हात आवरा. आधी ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत घ्या, मग फक्त विकीची टेबलं काढा. वर्डप्रेसची सहसा ‘डब्ल्यूपी_’ने सुरू होतात. माझं मत विचाराल तर विकीला स्वतंत्र डेटाबेसच द्यावा. होस्टिंगच्या योजनेत एकच डेटाबेस मिळत असेल तर टेबलांना उपसर्ग देण्याची सोय इन्स्टॉलरमध्ये आहे, ती वापरा.

इन्स्टॉलर मधेच सगळं विसरतो

दोन-तीन पानं पुढे गेल्यावर ‘सेशन डेटा’ (तुम्ही आतापर्यंत भरलेली माहिती) हरवला असं सांगून इन्स्टॉलर पुन्हा पहिल्या पानावर नेतो. कधी कारण साधं असतं: सुरुवात ‘एचटीटीपी’ने झाली आणि मधेच ‘एचटीटीपीएस’ झालं, किंवा पत्त्यात एकदा तीन डब्ल्यू होते आणि एकदा नव्हते. ब्राउझरच्या लेखी या वेगळ्या जागा. विकीचा कायमचा पत्ता ठरवा, कुकी पुसा आणि त्याच पत्त्यावरून सलग जा. तरीही होत असेल तर सर्व्हरवर सेशन साठवायची जागा लिहिण्याजोगी नाही. हे काम होस्टिंगवाल्यांचं.

फॉर्म पाठवताच ‘४०३’ किंवा ‘४०६’ येत असेल तर सर्व्हरवरची मॉडसिक्युरिटी ही चाळणी तुमच्या मजकुरावर संशय घेतेय. अख्खी चाळणी बंद करू नका. कोणत्या नियमामुळे अडलं ते लॉगमध्ये असतं, तेवढाच नियम तुमच्या डोमेनपुरता सैल करायला सांगा.

लोकलसेटिंग्ज नावाची एकच फाइल

इन्स्टॉलर शेवटी ‘लोकलसेटिंग्ज डॉट पीएचपी’ नावाची फाइल तुमच्या संगणकावर उतरवतो. इथे अनेकांना वाटतं काम झालं. विकी उघडला की मात्र तोच संदेश: लोकलसेटिंग्ज सापडली नाही, आधी विकीची मांडणी करा. ही फाइल तुम्ही स्वतः सर्व्हरवर चढवायची असते, आणि ती ‘इंडेक्स डॉट पीएचपी’च्या शेजारी. इन्स्टॉलरच्या ‘एमडब्ल्यू-कॉन्फिग’ फोल्डरमध्ये नाही.

चढवूनही तोच संदेश येत असेल तर नाव बघा. दोनदा डाउनलोड केली असेल तर नावात कंसातला १ आलेला असतो. विंडोज शेपटाला गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडतं आणि दाखवत नाही. एल किंवा एस लहान झालं तरी फाइल सापडत नाही.

ही फाइल हाताने बदलायची असेल तर सीपॅनेलचा एडिटर वापरा. विकीचं नाव देवनागरीत लिहून फाइल यूटीएफ-८मध्ये जतन केली नाही तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. उलट जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८मध्ये जतन करताना फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण घातली, तर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ असा इशारा येतो किंवा लॉगिनच होत नाही. वर्डमध्ये उघडायचा तर विचारही करू नका.

विकी ‘फेटल एक्सेप्शन’ एवढंच म्हणून गप्प बसत असेल तर याच फाइलीच्या शेवटी ‘डब्ल्यूजीशोएक्सेप्शनडिटेल्स’ हे सेटिंग ‘ट्रू’ करा. मग खरं कारण पानावर येतं. कारण कळल्यावर ती ओळ काढून टाका, कारण तिच्यामुळे सर्व्हरच्या आतली माहिती सगळ्या जगाला दिसते.

मराठी विकीसाठी थोडं वेगळं

इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर दोन भाषा विचारतात: तुमची आणि विकीची. पहिली फक्त इन्स्टॉलरपुरती, ती इंग्रजी ठेवलीत तर संदेश शोधून काढणं सोपं जातं. दुसरी मात्र विचार करून मराठी निवडा. तिच्यावरून ‘विशेष’, ‘सदस्य’, ‘साचा’, ‘वर्ग’ अशी पानांच्या विभागांची नावं ठरतात. शंभर पानं लिहून झाल्यावर ही भाषा बदलणं कटकटीचं आहे.

पीएचपीमायॲडमिनमध्ये पानांची शीर्षकं वाचता येत नाहीत, ‘ब्लॉब’ असं काहीतरी दिसतं, म्हणून घाबरून टेबलांचं कोलेशन (अक्षरांची तुलना कशी करायची ते ठरवणारं सेटिंग) बदलायला जाऊ नका. मीडियाविकी मजकूर बायनरी पद्धतीने साठवतं. विकीत मराठी नीट दिसत असेल तर सगळं ठीक आहे.

शीर्षकाची कमाल लांबी २५५ बाइट असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी धरून. म्हणजे ८५ चिन्हं. लेखाला अख्खं वाक्य शीर्षक म्हणून दिलं आणि पान तयार झालं नाही, तर तो इन्स्टॉलेशनचा बिघाड नव्हे.

विकी उघडतो, पण विचित्र दिसतो

रंग नाही, मांडणी नाही, नुसत्या दुव्यांची रांग. म्हणजे स्टाइल पोचत नाही. ‘लोड डॉट पीएचपी’ हा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा. सगळं ठीक असेल तर एक छोटी टिप्पणी दिसते, की कोणताही मॉड्यूल मागितलेला नाही. तिच्या शेवटी ‘मॅक्सने मला हे इथे टाकायला लावलं’ अशा अर्थाचं वाक्यही आहे, प्रोग्रामरांची गंमत. त्याऐवजी ‘४०३’ किंवा ‘५००’ आला तर परवानग्या आणि एचटीॲक्सेसकडे परत जा. टिप्पणी दिसतेय पण विकी उघडाबोडकाच असेल तर लोकलसेटिंग्जमधलं ‘डब्ल्यूजीसर्व्हर’ बघा: तिथे ‘एचटीटीपी’ आणि विकी ‘एचटीटीपीएस’वर असेल तर ब्राउझर स्टाइल अडवू शकतो. तात्पुरत्या पत्त्यावर विकी बसवून नंतर डोमेन जोडलं असेल तर तो जुना पत्ताही इथेच अडकून राहिलेला असतो आणि प्रत्येक क्लिक तिकडेच नेतं.

मुखपृष्ठावर ‘नो इनपुट फाइल स्पेसिफाइड’ येत असेल तर त्याच फाइलीत ‘डब्ल्यूजीयूजपाथइन्फो’ हे ‘फॉल्स’ करा. ‘डीफॉल्ट स्किन उपलब्ध नाही’ असं दिसलं तर स्किन्सचं फोल्डर अर्धवट आहे किंवा ती स्किन फाइलीत लिहिलेली नाही.

होस्टिंगवाल्यांना लिहिताना

‘विकी चालत नाही, लवकर बघा’ या पत्राला ‘कॅशे पुसा’ असंच उत्तर येणार. विकीचा पूर्ण पत्ता द्या, एरर लॉगमधली ओळ जशीच्या तशी द्या, कोणतं बटण दाबल्यावर झालं ते लिहा, आणि वेळ लिहा. मीडियाविकीच्या संदेशातली वेळ यूटीसीमध्ये असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. तुम्ही कोणती लिहिलीत ते सांगा. पासवर्ड मात्र पत्रात घालू नका.

एवढं करूनही होस्टिंगवर पीएचपी ८.१ मिळत नसेल किंवा ‘इंटल’ देता येत नाही असं उत्तर आलं, तर झगडत बसण्यापेक्षा डोकुविकी बघा. २००४पासून असलेल्या या विकीला डेटाबेसच लागत नाही, पानं साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. दहा-वीस जणांच्या नोंदींसाठी ते पुरेसं आहे, आणि खरं तर अशा अनेक विकींसाठी पहिली निवड तीच असायला हरकत नव्हती. मीडियाविकीचे साचे आणि विकिपीडियासारखी सवयीची मांडणी हवी असेल तर मात्र होस्टिंग बदला.

विकी सुरू झाला की लगेच मुखपृष्ठावर एक ओळ लिहून जतन करा, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, आणि चित्र चढवायची सोय चालू केली असेल तर एक चित्र चढवून बघा. ते अडलं तर ‘इमेजेस’ फोल्डरची परवानगी तपासा. मग लोकलसेटिंग्जची आणि डेटाबेसची प्रत स्वतःच्या संगणकावर घ्या. आणि त्याच दिवशी अनोळखी लोकांना खातं उघडता येणं आणि खात्याशिवाय पान बदलता येणं बंद करा. जाहिराती टाकणारे बॉट नव्या विकीच्या शोधातच असतात, आणि तुमच्या गडांच्या यादीत औषधांच्या जाहिराती यायला फार दिवस लागत नाहीत.